मेश घेण्याआधी एका संध्याकाळी पिंग लावून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला रो-हाउस, तळमजला आणि वर एक मजला. फायबरचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन, राउटर खालच्या हॉलमध्ये टीव्ही युनिटच्या कप्प्यात. वहिनी वरच्या बेडरूममधून संध्याकाळी सहा ते नऊ ऑनलाइन शिकवणी घेतात आणि नेमका त्याच वेळी आवाज तुटतो, चित्र गोठतं, कधी कॉलच कट होतो. कंपनीचा माणूस दुपारी येऊन गेला, हॉलमध्ये उभं राहून स्पीड टेस्टवर ९० दाखवले आणि ‘आमच्याकडून ओके आहे, तुम्ही रेंज वाढवा’ म्हणाला. तुम्ही राउटरचं वायफाय पुढे पोचवणारा एक्स्टेंडर आणून वरच्या बेडरूममध्ये लावलात. आता वर फुल रेंज दिसते, स्पीड १० च्या आसपास येतो आणि कॉल पूर्वीसारखाच तुटतो. घरात दोन वायफाय कॅमेरे आहेत, त्यातला एक गेटवर. तर आता दोन युनिटचा मेश (घरात ठिकठिकाणी ठेवलेली, मिळून एकच वायफाय देणारी युनिटं) घ्यावा, तीनचा घ्यावा, की प्लॅनच २०० चा करावा?

माझं उत्तर: आज तरी यातलं काहीच घेऊ नका.

मी घरांची, दवाखान्यांची, छोट्या ऑफिसांची नेटवर्कं लावून देतो. ‘स्पीड कमी पडतोय’ म्हणून बोलावणं येतं, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी स्पीड कमी पडतच नसतो. तुमचंच बघा. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला जाताना आणि येताना प्रत्येकी साधारण ३ ते ४ एमबीपीएस पुरतात. वर तुम्हाला १० मिळतायत. म्हणजे हिशेबाने कॉल व्यवस्थित चालायला हवा, आणि तो चालत नाहीये. मग २०० चा प्लॅन घेऊन काय फरक पडणार?

कॉलमध्ये आवाजाचं एक छोटं पॅकेट साधारण दर २० मिलिसेकंदांनी निघतं. ते वेळेत पोचलं नाही तर समोरचं अॅप त्याची फार वाट बघत नाही, टाकून देतं. तोच तुटलेला आवाज. सिनेमा बघताना असं होत नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो, मध्ये एक-दोन सेकंद अडलं तरी कळत नाही. आणि स्पीड टेस्ट तर काही सेकंदांत एकूण किती माल आला याची सरासरी सांगते. मध्ये अर्धा सेकंद सगळं थांबलं होतं का, हे तिच्या मोठ्या आकड्यात दिसत नाही. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न ‘किती एमबीपीएस’ हा नाहीच. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात पॅकेट नेमकं कोणत्या टप्प्यावर अडकतंय, हा आहे.

टप्पे तीन आहेत. लॅपटॉप ते एक्स्टेंडर, हवेतून. एक्स्टेंडर ते राउटर, तेही हवेतून, मधल्या स्लॅबसकट. आणि राउटरपासून पुढे फायबरने कंपनीकडे व तिथून बाहेर. कंपनीच्या माणसाने फक्त तिसरा टप्पा मोजला, तोही दुपारी. तुमची तक्रार संध्याकाळची आणि वरच्या मजल्याची. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही, त्याने भलत्या जागी आणि भलत्या वेळी मोजलं.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, त्या आधीच सांगतो. राउटर ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, वायफायच्या दोन्ही पट्ट्यांवर चालणारा) आहे की फक्त २.४ गिगाहर्ट्झचा, जिना कुठे आहे, बेडरूम हॉलच्या बरोबर वर आहे की मागच्या बाजूला, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे किती वायफाय आहेत, तुमच्या भागात संध्याकाळी कंपनीच्याच लाइनवर गर्दी होते का. त्यामुळे पुढे ‘असं असेल तर’ बरंच येईल.

आता मोजणी. लॅपटॉप वर, जिथे शिकवणी होते तिथेच ठेवा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. आधी राउटरचा पत्ता शोधायचा: वायफायच्या माहितीत ‘गेटवे’ म्हणून असतो, किंवा राउटरच्या खालच्या स्टिकरवर. बहुधा १९२.१६८.१.१, पण १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.२९.१ असंही असू शकतं. पहिल्या खिडकीत या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे ping लिहून एक जागा सोडून तो पत्ता टाका; छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते हे मोजतं. दुसरीत तसंच ८.८.८.८ ला, हा गूगलचा बाहेरचा पत्ता. (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत करायचं.) पत्त्यानंतर एक जागा सोडून वजाचं चिन्ह आणि टी टाकलात की ते थांबेपर्यंत चालू राहतं, थांबवायला कंट्रोल आणि सी. दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी ठेवा आणि शिकवणी चालू असताना तशाच चालू द्या. दुपारी करून बघितलं तर उपयोग नाही. फोनवरच्या पिंग अॅपनेही करू नका, फोन बॅटरी वाचवायला वायफाय मधूनमधून झोपवतो, त्यामुळे आकडे उगाच वाईट दिसतात.

पहिल्या खिडकीतला आकडा म्हणजे फक्त घरातल्या घरात जाऊन यायचा वेळ. चांगल्या वायफायवर तो २ ते १० मिलिसेकंदांत राहतो. अधूनमधून एखादी उडी आली तर सोडून द्या, कामात असलेला राउटर पिंगला उत्तर द्यायला कधी कधी टाळाटाळ करतो. दुसऱ्या खिडकीतला आकडा त्यापेक्षा थोडा जास्त असेल. तो किती, यापेक्षा तो स्थिर आहे का हे बघायचं.

कॉल तुटतो त्या क्षणी दोन्ही खिडक्यांत आकडे एकदम १५०, ३००, ८०० वर गेले, किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं, तर दोष घरातल्या हवेत आहे. कंपनीचा काही संबंध नाही. माझा अंदाज हाच आहे.

पहिली खिडकी शांत आणि दुसरी उसळतेय, तर अडचण राउटरच्या पुढे. त्यातही आधी आपलं घर तपासा. संध्याकाळी सगळे घरी आले की फोन वायफायला लागतात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ आपोआप वर चढवायला लागतात. अपलोड पूर्ण भरला की राउटरच्या रांगेत कॉलची पॅकेटं मागे उभी राहतात. डाउनलोडचा आकडा मात्र छान दिसत राहतो. एक दिवस सगळ्यांचा फोटो बॅकअप त्या वेळात बंद ठेवून बघा. तरीही फरक नसेल तर लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून तीच मोजणी संध्याकाळी करा. केबलवरही दुसरी खिडकी उसळली, तर मग हक्काने तक्रार करा. स्क्रीनशॉटवर वेळ दिसू द्या, तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. पहिल्या पायरीवर दाद लागली नाही तर कंपनीतल्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांनी ही दोन पायऱ्यांची सोय ठेवली आहे. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीला राउटर रीस्टार्ट करा हेच उत्तर मिळतं. ‘केबलवर, गेटवे ३ मिलिसेकंद, बाहेर ४००, रोज साडेसातला’ या तक्रारीला तेवढ्यावर वाटेला लावणं अवघड जातं.

याच गटातली एक वेगळी शक्यता म्हणजे फायबरच कमजोर असणं. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) कुठेतरी ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते, तिचा आकडा ऋण असतो. उणे १५ ते उणे २४ च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या जवळ असेल तर लाइन काठावर आहे, कनेक्टर साफ करायला किंवा जोड पुन्हा करायला सांगा. अनेकदा टीव्ही युनिटच्या मागे ती बारीक वायर दाबून, दुमडून कोंबलेली असते. तेवढी मोकळी केली तरी आकडा सुधारतो.

दोन्ही खिडक्या शांत आणि कॉल तरी तुटतो, असंही होतं. मग लॅपटॉपकडे बघा. ब्लूटूथ हेडफोन काढून साधा वायरचा लावा, कारण ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झमध्येच बोलतं. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब लॅपटॉपला लावलेला असेल तर तोही काढा. त्यातून २.४ च्या पट्ट्यात गोंगाट येतो, इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर कागद काढला होता.

आता तुमच्या घरात मला जे घडतंय असं वाटतं, त्याकडे येतो.

एक्स्टेंडर म्हणजे निरोप्या. राउटरचं ऐकायचं आणि तेच पुन्हा तुम्हाला सांगायचं. स्वस्तातले एक्स्टेंडर दोन्ही कामं एकाच चॅनेलवर करतात, आणि एकाच वेळी ऐकणं-बोलणं त्यांना जमत नाही, त्यामुळे हाती येणारा वेग साधारण निम्मा होतो. पण खरी गडबड जागेची आहे. तुम्ही तो बेडरूममध्ये लावलात, म्हणजे जिथे राउटरचा सिग्नल आधीच पडका होता तिथेच. त्यालाच नीट ऐकू येत नाहीये. लॅपटॉपवर दिसणारी फुल रेंज ही एक्स्टेंडर आणि लॅपटॉप यांच्यातल्या सहा फुटांची आहे. एक्स्टेंडर आणि राउटर यांच्यात काय चाललंय ते त्यात दिसतच नाही. म्हणून आकृती भरलेली आणि कॉल तुटका.

एक्स्टेंडर बंद करा, अँड्रॉइड फोनवर वायफाय अॅनालायझर प्रकारचं एखादं अॅप घ्या आणि राउटरचा सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं माप) बघत जिना चढा. हे आकडेही ऋण असतात, शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. कॉलसाठी उणे ६७ किंवा त्याहून बरा आकडा लागतो. बेडरूममध्ये बहुधा उणे ७८-८० मिळेल. मधल्या आरसीसी स्लॅबमधल्या सळयांची जाळी सिग्नल चांगलाच खाते, ५ गिगाहर्ट्झचा तर जास्तच. जिन्याच्या मधल्या वळणावर मात्र उणे ६० ते ६५ मिळण्याची शक्यता असते, कारण जिना म्हणजे स्लॅबमधलं भोकच आहे. एक्स्टेंडर ठेवायचाच तर तिथे.

दुसरी भानगड गेटवरच्या कॅमेऱ्याची आहे, आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. राउटर, फोन, टीव्ही, कॅमेरा, एक्स्टेंडर सगळे पाळीपाळीने. ज्याचा सिग्नल चांगला तो आपलं म्हणणं झटकन संपवतो. ज्याचा वाईट तो सावकाश बोलतो, शिवाय चुकलं की पुन्हा बोलतो. जवळचा साधा फोन २.४ वर ६५ किंवा ७२ च्या लिंक स्पीडने (उपकरण आणि राउटर यांच्यातल्या वेगाने) बोलत असेल, तर भिंतींपलीकडचा गेटवरचा कॅमेरा ६ किंवा १३ ने बोलत असतो. तेवढाच डेटा पाठवायला तो पाच-दहा पट वेळ हवा अडवून धरतो. कॅमेरा क्लाउडवर चित्र पाठवत असेल तर हे सतत चालू. त्याचे ‘फक्त २ एमबीपीएस’ बघून फसू नका, तो किती माल पाठवतो यापेक्षा किती वेळ घेतो ते महत्त्वाचं. संध्याकाळी लोकांची ये-जा वाढते, हालचाल दिसली की तो रेकॉर्डिंग चढवतो, तेव्हाच टीव्हीही लागतो, शेजाऱ्यांचेही लागतात. तुमचे सहा ते नऊ मला इथे जुळताना दिसतात. पडताळणी सोपी आहे: एका संध्याकाळी तासभर दोन्ही कॅमेऱ्यांचे अडॅप्टर काढा आणि पहिल्या खिडकीकडे बघा.

शेजाऱ्यांचं काय करायचं? २.४ मध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनेल दिसतात, पण शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात, त्यामुळे न भिडणारे तीनच: १, ६ आणि ११. लोक अॅपमध्ये ३ किंवा ४ रिकामा बघून तिथे जातात. ते करू नका. एकाच चॅनेलवरचे दोन राउटर निदान एकमेकांचं ऐकून थांबतात. अर्धवट चढणाऱ्या चॅनेलवर ते एकमेकांना फक्त गोंगाट म्हणून ऐकू येतात. या तिघांतला ज्यावर शेजारी कमी किंवा दूरचे असतील तो हाताने निवडा, आणि २.४ च्या चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ करा. स्पीड टेस्टचा आकडा थोडा उतरेल, उतरू दे.

राउटर ड्युअल बँड असेल तर काही दिवस २.४ आणि ५ ची नावं वेगळी ठेवा, म्हणजे कोण कुठे आहे ते कळेल. टीव्ही आणि खालचे फोन ५ वर हलवा, कॅमेऱ्यांसाठी २.४ मोकळा होऊ द्या. ५ मध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ या चॅनेलांवर राहा. मधले ५२ ते १४४ रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारसारखं काही ऐकू आलं की राउटरने ती जागा सोडायची असते, आणि नव्या चॅनेलवर जाताना सगळ्यांचं वायफाय एकदम जातं.

राउटर टीव्ही युनिटच्या कप्प्यातून बाहेर काढा. टीव्हीमधला धातू सिग्नल अडवतो. युनिटच्या वर, भिंतीवर, शक्य असेल तर जिन्याच्या बाजूला लावा. यात पैसे जात नाहीत आणि मेशपेक्षा कधी कधी जास्त फरक पडतो. फायबरची वायर पुरत नसेल तर कंपनीकडून लांब पॅच कॉर्ड मागून घ्या, ओढाताण करू नका.

अडॅप्टरबद्दल एक वाक्य: संध्याकाळी राउटर स्वतःच बंद होऊन चालू होत असेल, सगळे दिवे जाऊन परत येत असतील, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि अडॅप्टर बदला. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. मिनी यूपीएस घेतानाही हेच बघायचं.

म्हणजे क्रम असा लागतो: आधी एका संध्याकाळची दोन खिडक्यांची मोजणी, मग कॅमेरे काढून तीच मोजणी, मग राउटर बाहेर, चॅनेल आणि रुंदी, एक्स्टेंडर जिन्यात. बऱ्याच घरांत गाडी इथेच रुळावर येते. तुमच्याकडे वहिनींचं उत्पन्न या कॉलवर आहे, त्यामुळे मी इथे थांबणार नाही. वर एक केबल नेईन.

रो-हाउसमध्ये हे वाटतं तितकं अवघड नसतं. डिशची वायर गच्चीवरून हॉलमध्ये आलेली असते, बहुतेक वेळा भिंतीतल्या पाइपातून, आणि वाटेत ती वरच्या मजल्यावरून जाते. डिश वापरात नसेल तर जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधून ओढता येते. वापरात असेल तर इलेक्ट्रिशियन त्याच पाइपात जागा आहे का बघेल. फक्त लाइटच्या वायरी असलेल्या पाइपात लॅन केबल घालू देऊ नका. तो म्हणेल ‘काही होत नाही’. २३० व्होल्ट आणि डेटा एकत्र नको, सुरक्षेसाठीही नको. पाइप मिळालाच नाही तर जिन्याच्या कडेने पांढऱ्या पट्टीतून न्या. दिसायला थोडं खटकेल, पण चालेल उत्तम.

वरच्या टोकाला अॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट वायफायने देणारं यंत्र) लावा. त्यासाठी नवीन काही घ्यायलाच हवं असं नाही, घरात पडलेला जुना राउटरही चालतो. त्यात ‘एपी मोड’ असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा (खालच्याचा १९२.१६८.१.१ असेल तर), त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, आणि खालून आलेली केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी चालू राहिला तर दोन राउटर पत्ते वाटत बसतात आणि ‘कनेक्टेड आहे पण इंटरनेट नाही’ हा नवीनच आजार सुरू होतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालचाच ठेवा, चॅनेल वेगळा: खाली १ असेल तर वर ६ किंवा ११. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३. जुन्या राउटरवर ‘टीकेआयपी’ निवडलेलं असेल तर ‘एईएस’ करा, टीकेआयपीवर वेग ५४ च्या वर जातच नाही. आणि केबल वर आलीच आहे तर वहिनींचा लॅपटॉप थेट केबलनेच जोडा. मग शिकवणीचा आणि घरातल्या हवेचा संबंधच संपतो, गेटवरचा कॅमेरा काय वाट्टेल ते करो.

मेश वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. केबल न्यायला वावच नसेल, भाड्याचं घर असेल, तर तो घ्यावा. तुमच्या घराला दोन युनिट पुरतील. तिसरं युनिट म्हणजे त्याच हवेत बोलणारा आणखी एक. दुसरं युनिट जिन्याच्या वळणावर ठेवायचं, बेडरूममध्ये नाही, कारण एक्स्टेंडरला जो नियम तोच यालाही. आणि पुढे कधी केबल टाकता आली तर मेशची युनिटंही केबलने जोडता येतात, तेव्हा लॅन पोर्ट असलेलीच घ्या. प्लॅन वाढवायचा विचार मात्र सोडा. राउटरचे पोर्ट १०० चे असतील तर केबलवर २०० चा प्लॅनही ९४ च्या आसपासच थांबेल.

केबल घेताना कॅट ६ मागा आणि ‘प्युअर कॉपर’ म्हणून बिलावर लिहून घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार त्याच नावाने विकतात. ती पाइपात ओढताना तुटते आणि कनेक्टरमध्ये सैल बसते. आठातली एखादी तार जरी गेली तरी गिगाबिटची लाइन १०० वर येते किंवा मधूनमधून जाते, आणि शोधायला कुणी येत नाही. दुकानातच एका तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर घेऊ नका.